प्रस्तावना: घाण्याकडून धारेकडे

चकल्या तळताना आपण घाणे मोजतो. औषधाच्या गोळ्याही कित्येक दशके अशाच घाण्या-घाण्याने होत आल्या. कारखान्यात त्याला बॅच म्हणतात. मिश्रण, ग्रॅन्युलेशन, वाळवण, कॉम्प्रेशन, कोटिंग: टप्प्याटप्प्याला माल ड्रममध्ये थांबतो, नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल आला की पुढचे काम सुरू. काम तासांचे, खोळंबा दिवसांचा.

सलग उत्पादनात एका टोकाला भुकटी पडत राहते, दुसऱ्या टोकाला गोळ्या. जुलै 2015 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा पद्धतीने बनणाऱ्या ऑरकाम्बी या सिस्टिक फायब्रोसिसवरील नव्या औषधाला मान्यता दिली. चालू औषधाची पद्धत बदलणे त्याहून अवघड. ती परवानगी प्रथम एप्रिल 2016 मध्ये मिळाली, जॅन्सन कंपनीच्या प्रेझिस्टा या एचआयव्हीवरील 600 मिलिग्रॅमच्या गोळीला. कारखाना पोर्टो रिकोतील गुराबोचा, सोबत रटगर्स विद्यापीठातील अभ्यासकांचे काम.

यंत्रे एकापुढे एक जोडली की झाले, असे नवख्याला वाटते. त्याने पिठाची गिरणी आठवावी. ज्वारीवर गहू टाकला की सुरुवातीचे पीठ मिसळीचे येते, म्हणून जाणती बाई आपला गहू गव्हावरच दळायला सांगते. ब्लेंडरमध्येही काही कण चटकन निसटतात, काही रेंगाळतात. या मुक्कामाचा हिशेब मांडला, तरच भुकटी सोडणाऱ्या फीडरची क्षणभराची चूक कोणत्या मिनिटांतल्या गोळ्यांत उतरेल ते सांगता येते आणि तेवढ्याच गोळ्या बाजूला काढता येतात.

फीडर स्वतःचे वजन किती घटले यावरून भुकटी मोजून सोडतो. पण हॉपर भरताना वजन वाढते. तेवढा वेळ तराजू निरुपयोगी, आणि फीडर आधीच्याच वेगाने, अंदाजाने चालतो. अशा आंधळ्या क्षणांसाठी पुढे मिश्रणावर अवरक्त प्रकाश टाकून औषधाचे प्रमाण तपासत राहावे लागते.

बॅच मात्र नाहीशी होत नाही. गोळ्या परत मागवायची वेळ आली तर कोणत्या मागवायच्या? नोव्हेंबर 2022 च्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू13 मार्गदर्शिकेनुसार बॅच आत गेलेल्या किंवा बाहेर आलेल्या मालावरून ठरवता येते, किंवा ठरलेल्या प्रवाहदराने यंत्रणा किती वेळ चालली त्यावरूनही. घाणा आता घड्याळावर मोजता येतो.

म्हणून या पुस्तकाची सुरुवात भुकटीच्या स्वभावापासून केली आहे: ती कुठे चिकटते, कधी अडते, हवेतल्या ओलाव्याने कशी बदलते. मग यंत्रे, नियंत्रण, शेवटी नियम. वाटेत गणित येईल. त्याला बिचकू नये. कॉम्प्रेशन मशीनपाशी पाळ्या काढलेल्या माणसाला त्यातले बरेचसे हाताने ठाऊक असते. विद्यार्थ्याने त्याला विचारावे, त्याने विद्यार्थ्याला. दोघांनीही पान उलटताना एकच प्रश्न जवळ ठेवावा: आत्ता, या घडीला, नळीत काय चालले आहे?