सुई जुनी, पंप नवा? इन्सुलिनच्या इंजेक्शनची गोष्ट

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, टाइप १ डायबेटिस आहे, हॉस्टेलवर राहतो. म्हणाला, "ताई, रूममेट विचारतात, जग पंपावर गेलं आणि तू अजून सुया टोचत बसलायस? बाबा कर्ज काढून पंप घेऊ म्हणतायत. काय करू?"

काय करायचं ते त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मी डॉक्टर नाही. दिवसातून चार वेळा पेनने इन्सुलिन घेणारी आणि इतिहासाचं वेड असलेली एक बाई आहे, एवढंच. पण रूममेटच्या बोलण्यात जे दडलंय ना, की सुई म्हणजे जुनाट आणि पंप म्हणजे पुढारलेलं, ते इतिहासात कितपत टिकतं ते बघू या.

सुरुवात टोरांटोपासून. ११ जानेवारी १९२२. चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. फारसा उपयोग झाला नाही, उलट टोचलं तिथे गळू झालं. मग जेम्स कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अर्क आणखी शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा टोचलं आणि साखर उतरली. त्याच्या आधी हा आजार झालेल्या मुलांना जगवायचा एकच मार्ग होता, उपाशी ठेवणं. अक्षरशः. मोजून मापून काहीशे कॅलरी द्यायच्या आणि मरण पुढे ढकलायचं.

एलिझाबेथ ह्यूज ही अशीच एक मुलगी. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला आली तेव्हा पंधरा वर्षांची व्हायला आली होती आणि वजन होतं जेमतेम वीस किलो. बॅंटिंगने तिला इन्सुलिन सुरू केलं. पुढे ती शिकली, लग्न केलं, मुलं झाली, आणि १९८१ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी गेली. तोवर तिने साधारण ४२ हजार इंजेक्शनं घेतली असा अंदाज आहे. हिशोब करून बघा, दिवसाला दोन धरली तर अठ्ठावन्न वर्षं भरतात. आणि आपल्याला डायबेटिस आहे हे तिने आयुष्यभर जवळपास कुणालाच कळू दिलं नाही. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये जाऊन गुपचूप टोचून घेणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता त्या काळातली सुई कशी होती? काचेची सिरिंज, प्रत्येक वेळी उकळायची. सुई तीच तीच वापरायची, बोथट झाली की दगडावर घासून धार काढायची. वर इन्सुलिनचा असर सहा-आठ तास टिकणार. त्यामुळे सगळ्यांची धडपड एकच, टोचणं कमी कसं होईल. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्नने इन्सुलिनमध्ये माशापासून मिळणारं प्रोटामाइन मिसळलं आणि असर लांबवला. एनपीएच इन्सुलिनमधला एच तो हाच. मग कितीतरी वर्षं बरेच जण सकाळी एक सुई टोचून मोकळे व्हायचे. घरी तपासायला काय, तर लघवी. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून गरम करायची, साखर जास्त असेल तर रंग विटेसारखा लाल. रक्तात आत्ता किती आहे ते यातून कळतच नाही.

माझ्या मते खरी गडबड इथे होती. स्वादुपिंड काही दिवसातून एकदा काम करत नाही ना! ते दिवसभर थेंबथेंब सोडतं आणि जेवलं की जोरात. पंपाची कल्पना यातूनच आली. १९६३ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या डॉ. आर्नल्ड कॅडिश यांनी केलेलं यंत्र पाठीवर सॅकसारखं वागवावं लागायचं. १९७८ मध्ये लंडनच्या जॉन पिकप आणि हॅरी कीन यांच्या गटाने छोट्या पंपाने त्वचेखाली सतत इन्सुलिन देता येतं हे दाखवलं. म्हणजे पंपही तुमच्या-माझ्यापेक्षा वयाने मोठाच.

पण स्वादुपिंडाची नक्कल सुईनेही करता येते. एक दिवसभर टिकणारं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी एक झटपट काम करणारं. चार सुया. काचेच्या सिरिंजच्या काळात हे कोण करणार होतं? १९८५ मध्ये नोव्हो कंपनीने शाईपेनासारखं दिसणारं इन्सुलिन पेन आणलं आणि हे खिशात घेऊन फिरणं शक्य झालं. आज त्या पेनाला चार मिलिमीटरची सुई लागते. म्हणजे पंप येऊन सात वर्षं झाल्यावर पेन आलं! जुनं कोण आणि नवं कोण, सांगा आता.

आणि मग १९९३. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ जणांवर सरासरी साडेसहा वर्षं चाललेल्या डीसीसीटी नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. एका गटाला जुनी पद्धत, दिवसाला एक-दोन सुया. दुसऱ्या गटाला तीन किंवा जास्त सुया नाहीतर पंप, आणि रोज अनेकदा साखर तपासणं. दुसऱ्या गटात डोळ्याच्या पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रकार मात्र जवळपास तिप्पट झाले, तेही सांगायला हवं. पण बघा, पंपवाले आणि सुयावाले एकाच बाजूला होते! सामना त्यांच्यात नव्हताच. तो होता साखर सतत तपासून त्याप्रमाणे डोस बदलणाऱ्यांचा आणि सकाळी टोचून विसरणाऱ्यांचा.

त्यानंतर पंप पुष्कळ पुढे गेलाय. सेन्सरला जोडलेले आजचे पंप रात्री झोपेत साखर खाली जायला लागली की आपणहून इन्सुलिन कमी करतात. हे पेनला जमत नाही, आणि ज्यांना हे परवडतं, झेपतं, त्यांनी जरूर विचार करावा. पण किंमत लाखांत जाते आणि नळीचा सेट दर दोन-तीन दिवसांनी नवा लागतो. कर्ज काढताना बाबांनी हा दर महिन्याचा खर्चही मांडायला हवा. शिवाय पंपात फक्त झटपट इन्सुलिन असतं. नळी तुंबली, निघाली, तर शरीरात साठा काहीच नाही, काही तासांत कीटोन वाढायला लागतात. म्हणून पंपवाल्यांनाही बॅगेत पेन नाहीतर सिरिंज ठेवावीच लागते.

जाता जाता हॉस्टेलवाल्यांसाठी एक. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं १०० चं. रात्री पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन लाल टोपीच्या ४० वाल्या सिरिंजमध्ये नेहमीच्या खुणेपर्यंत ओढलंत तर डोस अडीचपट जाईल. केमिस्टकडून १०० वाली, केशरी टोपीची सिरिंज मागून ठेवा, दोन-तीन पुरतात.

पुढच्या भागात बॅंटिंग आणि मॅक्लाऊड यांचं नोबेलवरून काय वाजलं ते सांगते.