पेया ते पेज : मालवणी किनाऱ्यावरील एका आहाराचा शब्देतिहास

१

आहाराचा इतिहास लिहिणाऱ्याची मोठी अडचण ही असते की, रोजचे जेवण कोणी लिहून ठेवीत नाही. मेजवान्यांची वर्णने मिळतात, नैवेद्यांच्या याद्या मिळतात, दुष्काळांच्या नोंदी मिळतात. पण शेतावर जाणाऱ्या माणसाने सकाळी काय खाल्ले, याची नोंद दफ्तरांत क्वचितच सापडते. अशा ठिकाणी भाषेचा अभ्यासक थोडीबहुत मदत करू शकतो. पदार्थ पोटात जातो आणि नाहीसा होतो. त्याचे नाव मात्र तोंडात राहते, आणि नावाला वंशावळ असते. प्रस्तुत लेखात मालवण व त्याच्या परिसरातील, म्हणजे १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीतील, 'पेज' या पदार्थाचा व त्याच्या सोबत्यांचा असा विचार करावयाचा आहे. शरीराचे वजन आणि अंगातील उत्साह ही आजची चिंता असली, तरी तिचे धागे बरेच मागे जातात.

२

'पेज' हा शब्द संस्कृत 'पेया' या शब्दापासून आला. संस्कृतातील य-काराच्या जागी प्राकृतात 'ज्ज' येऊन 'पेज्जा' हे रूप झाले आणि मराठीत द्वित्व जाऊन 'पेज' उरले. 'शय्या' – 'सेज्जा' – 'शेज' ही मालिका याच वळणाची आहे. लिंगही तेच, स्त्रीलिंग. म्हणजे हा शब्द कोणी पंडिताने ग्रंथातून उचलून आणलेला नाही. तो पिढ्यान्पिढ्या बोलणाऱ्यांच्या तोंडून झिजत आलेला आहे. जो शब्द असा झिजतो, ती वस्तू रोजच्या वापरातील असली पाहिजे.

त्याच्या शेजारचे शब्दही याच थरातील आहेत. 'भक्त'पासून 'भात', 'मण्ड'पासून 'मांड', 'कुलत्थ'पासून 'कुळीथ', 'अम्ल'पासून प्राकृत 'अंबिल' व त्यावरून 'आंबील'. 'क्वथित'पासून 'कढी' आली. गंमत अशी की, मालवणी सोलकढी ही सामान्यतः कढवीत नाहीत. नारळाच्या रसात सोलांचे आगळ घालून ती तशीच पितात. नावात मात्र कढणे शिल्लक आहे. रातांब्याच्या सालीला 'सोल' म्हणतात, त्याचा 'सोलणे' या धातूशी संबंध उघड दिसतो.

या थरावर दुसरे थर चढले. 'न्याहारी' हा शब्द फारसीच्या वाटेने आला. 'पाव', 'बटाटा', 'काजू' हे पोर्तुगिजांकडून आले. 'बिस्कीट' इंग्रजीतून आले. मुळात चिनी असलेला 'चहा' बराच उशिरा घरोघर पोहोचला. १९०३ साली निर्यात होणाऱ्या चहावर कायद्याने उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला, हे येथे लक्षात ठेवावे. मालवणी माणसाच्या सकाळच्या खाण्याचे शब्द कालक्रमाने मांडले, तर पेज, न्याहारी, पाव, चहा, बिस्कीट असा उतरता जिनाच दिसतो. पायरी जितकी अलीकडची, तितके धान्य अधिक दळलेले आणि साखर अधिक.

३

पेजेच्या अर्थाकडे वळल्यावर एक प्रश्न उभा राहतो. घाटावरील मराठीत 'पेज' म्हटले की आजारी माणसाचे पथ्य डोळ्यांपुढे येते. किनाऱ्यावर मात्र पेज हे धडधाकट माणसाचे जेवण आहे. सकाळी उठल्यावर थोडेसे काही खाऊन कामाला लागावयाचे आणि दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची गरम पेज घ्यावयाची, सोबत भाजी, लोणचे किंवा भाजलेला सुका बांगडा, असा तेथील शेतकऱ्याचा क्रम. 'पेजेच्या वेळेक' असे म्हटले की घड्याळ पाहावे लागत नसे. या दोन अर्थांपैकी जुना कोणता?

वैद्यकाचे ग्रंथ पाहिले तर घाटावरचा अर्थ जुना वाटतो. सुश्रुताने शितांच्या प्रमाणावरून भेद केले आहेत : शिते नसलेला तो मंड, शिते असलेली ती पेया, पुष्कळ शिते असलेली ती विलेपी. चरकाच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात पेया ही भूक, तहान, ग्लानी व दुर्बलता दूर करणारी, घाम आणणारी व अग्नी चेतविणारी म्हटली आहे. वमन-विरेचनादी शोधनानंतर माणसाला पुन्हा नेहमीच्या अन्नावर आणताना प्रथम पेया, मग विलेपी, असा क्रम सांगितला आहे. आपल्या घरांतून आजही तापातून उठलेल्यास आधी पेज व मग मऊभात देतात, तो हाच क्रम होय.

परंतु दुसरा पुरावा बौद्ध विनयातील आहे. महावग्गाच्या औषधविषयक खंडात 'यागू'चे, म्हणजे संस्कृत यवागूचे, दहा गुण सांगितले आहेत. आयुष्य, वर्ण, सुख, बल व प्रतिभा ती देते. भूक व तहान शमविते. वायू सरळ करते, बस्ती शुद्ध करते, न पचलेले पचविते. ही यागू भिक्षूंनी सकाळी घ्यावयाची होती, आणि हे भिक्षू रुग्ण नव्हते. शब्द वेगळा असला तरी वस्तू त्याच कुळातील आहे. तेव्हा पातळ शिजविलेले धान्य हे एकाच वेळी रोजचे अन्न आणि पथ्य असे दोन्ही होते, असे म्हणणे प्राप्त आहे. भाताच्या प्रदेशाने दोन्ही अर्थ राखले. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर जगणाऱ्या प्रदेशात तांदूळच दुर्मिळ, म्हणून तेथे पेज आजाऱ्याच्या खाटेपाशी उरली. किनाऱ्याने अर्थ वाढविला नाही. घाटावर तो आकुंचित झाला.

४

आता 'उकडा' या विशेषणाचा विचार केला पाहिजे, कारण पेजेचे बळ पुष्कळसे त्यात आहे. भात साळीसकट भिजवून, उकडून, वाळवून मग कांडला म्हणजे उकडा तांदूळ होतो. उकडताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा बराच भाग दाण्याच्या आत उतरतो आणि कांडल्यावरही टिकतो. हे कोकणातील बाईला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शास्त्रज्ञांनाही ते ठाऊक नव्हते. १८९० नंतरच्या दशकात बटाव्हियात आइकमान यांना सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांमध्ये बेरीबेरीसारखा रोग दिसला. पुढे मलायात फ्रेझर व स्टॅन्टन यांनी सडीक तांदूळ व उकडा तांदूळ खाणाऱ्या मजुरांची तुलना केली, तेव्हा उकडा खाणारे रोगापासून सुरक्षित आढळले. १९२६ साली यान्सेन व डोनाथ यांनी ते जीवनसत्त्व स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात कुन्नूरच्या प्रयोगशाळेत मॅकॅरिसन व नंतर आयक्रॉइड यांनी हाच विषय पुढे नेला. तांदूळ फार धुण्याने व शिजविल्यावर पाणी ओतून टाकण्याने किती सत्त्व वाया जाते, हेही याच संशोधनाने दाखविले. पेजेत पाणी ओतून टाकण्याचा प्रश्नच नाही. जे पाण्यात उतरले ते वाटीत येते.

पेजेचा दुसरा गुण साध्या हिशेबाचा आहे. ५० ग्रॅम तांदळात सुमारे १७५ उष्मांक असतात. त्याच ५० ग्रॅमांची पेज केली की मोठे भांडे भरते, पोट भरल्यासारखे वाटते आणि उन्हात काम करणाऱ्याच्या अंगात पाणी व मीठ दोन्ही जातात. मासा किंवा कुळथाची पिठी सोबत असेल तर प्रथिनांची उणीव भरून निघते. कुळथात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आहेत. तांदळात सातच्या आसपास. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटिअरमध्ये डोंगरउतारावरील पिके म्हणून नाचणी, वरी व हरीक यांची नोंद आहे.

५

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या आहाराचे गुण गाताना आपण जुने दारिद्र्य विसरतो. हरीक म्हणजे संस्कृतातील कोद्रव. चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसासाठी जी धान्ये सुचविली आहेत, त्यांत यव, श्यामाक, कोद्रव, मुद्ग आणि कुलत्थ आहेत. अतिकृशासाठी मात्र नवे अन्न, साळीचा भात, उडीद, गहू, दूध, तूप सांगितले आहे. म्हणजे ग्रंथकाराने जे पथ्य श्रीमंत स्थूलाला सांगितले, तेच कोकणच्या कुणब्याला परिस्थितीने रोज खावयास लावले; आणि कृशाला जे द्यावयाचे, ते त्या कृशाला परवडत नव्हते. पावसाळ्यात कणगी रिकामी होऊ लागली की पेजेतील शिते कमी होत. सुश्रुताच्या भाषेत सांगावयाचे तर पेया हळूहळू मंडाकडे सरके. ही पेज वजन आटोक्यात ठेवी, परंतु तो आटोका निवडलेला नव्हता. ज्यांची मुले मुंबईच्या गिरण्यांत गेली, त्या घरांना मनिऑर्डरीच्या पैशाने पांढरा तांदूळ व साखरेचा चहा आला, तेव्हा तो त्यांना प्रतिष्ठेचा वाटला, यात नवल नाही.

६

आज चित्र उलटले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पाहणीत देशातील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले आणि सर्वांत अधिक प्रमाण, २६.४ टक्के, सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून असलेल्या गोव्यात आढळले. हा पेज सोडल्याचा परिणाम होय, असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. गोव्यातही पेज आहे, भात आहे, मासळी आहे. जेवणातील नावे राहिली. त्या जेवणाभोवतीचे बाकीचे बदलले. नांगर, होडी व डोक्यावरचा भारा गेला, उकड्याच्या जागी सडीक तांदूळ आला, दोन जेवणांच्या मध्ये गोड चहा व तळलेले पदार्थ आले. सडीक तांदळाची फार शिजविलेली पेज रक्तातील साखर लवकर वाढविते. मधुमेही माणसाने ती जुन्या विश्वासाने रोज प्यावी हे हिताचे नाही. शब्द तोच असला म्हणजे वस्तू तीच असते असे नव्हे, हा अर्थविचाराचा पहिला धडा येथे आरोग्याचाही धडा ठरतो.

मग या इतिहासातून घ्यावयाचे काय? एखादे धान्य वेगळे काढून त्याला औषध ठरविणे हा मार्ग जुन्या आहाराच्या प्रकृतीशी जुळत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले व नाचणीला पुन्हा मान मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे; पण नाचणीचे गोड बिस्कीट ही नाचणीची आंबील नव्हे. किनाऱ्यावरील आहाराचे मर्म त्याच्या मांडणीत होते : कमी सडलेले धान्य, न टाकलेले पाणी, सोबत कडधान्य किंवा मासा, नारळ चवीपुरता, आणि खाण्याच्या वेळा कामाला बांधलेल्या. चरकाने मात्रेवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला व एक वातादी दोषांना मोकळा ठेवावयास सांगितले. पेजेच्या भांड्यात यांपैकी पहिल्या दोन भागांची वाटणी आपोआप होत असे. तिसऱ्याची काळजी दारिद्र्य घेई. आता ती आपण स्वतः घेतली पाहिजे, एवढाच फरक आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना एक सूचना करून हा लेख संपवितो. सिंधुदुर्गातील गावोगावी स्वयंपाकाचे, धान्य साठविण्याचे, कांडण्याचे, मासे वाळविण्याचे शेकडो शब्द अद्याप वृद्ध स्त्रियांच्या तोंडी आहेत. हरीक शेतातून दिसेनासा झाला की त्याच्या जातींची, कांडण्याच्या पायऱ्यांची व पदार्थांची नावेही जातात. त्या शब्दांत केवळ बोलीचे रूप नाही. कोणत्या ऋतूत, कोणत्या श्रमाला, किती अन्न पुरते, याचा पिढ्यांनी केलेला हिशेब त्यांत आहे. आहारशास्त्रज्ञाला तो हिशेब हवा असेल, तर आधी कोणीतरी तो टिपून घेतला पाहिजे. ते काम आपल्या विभागाचे आहे.