पाइपातील शिसे दाखवणारी एक्स-रे ‘गन’ : काय कळते, काय नाही?

बालाघाट : भरवेली, उकवा, तिरोडी ही मँगनीजची गावे, तर मलाजखंड तांब्याचे. त्यामुळे नळाला काळपट पाणी आले की ‘खाणीचा माल पाण्यात उतरला’ अशी चर्चा होते. पण दोष पाण्याच्या स्रोतात आहे की पाइपात, हे नुसते बघून कळत नाही. पाइपाची तपासणी हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने जागेवरच करता येते. याला ‘एक्सआरएफ गन’ म्हणतात.

काम कसे चालते?
गनमधून निघालेले एक्स-रे वस्तूवर पडले की त्यातील प्रत्येक धातू आपापल्या ठराविक ऊर्जेचे किरण परत सोडतो. मँगनीजची मुख्य खूण 5.9, तर तांब्याची 8.0 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची. त्यावरून धातू कोणता आणि अंदाजे किती, हे मिनिटभरात कळते. पाइप तोडावा लागत नाही.

कशासाठी उपयोगी?
पीव्हीसी पाइप टिकावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालत. केंद्राने 2021 मध्ये नियम करून त्यावर बंधने आणली. आधी टाकलेले पाइप मात्र जमिनीतच आहेत. असे पाइप, पितळी तोट्या, जुना रंग यांतील शिसे गन पकडते.

मर्यादा काय?
लोखंडी पाइपाच्या आत साचलेला काळा थर बाहेरून दिसत नाही. तो खरवडून, वाळवूनच तपासावा लागतो. तोटीवर क्रोमचा मुलामा असेल तर आकडा चुकू शकतो. मुख्य म्हणजे गन पाणी तपासत नाही. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, मँगनीज 0.1, दुसरा स्रोतच नसेल तर 0.3 पर्यंत चालते. इतके बारीक प्रमाण प्रयोगशाळेतच मोजले जाते.

घरच्यांनी काय करावे?
पाण्याचे दोन नमुने घ्या : एक सकाळी नळ उघडताच, दुसरा चार-पाच मिनिटे पाणी सोडून. पहिल्यातच शिसे निघाले तर घरच्या पाइप-तोटीवर संशय घ्यावा. मँगनीज दोन्हींत सारखेच असेल तर स्रोत तपासायला हवा. पाणी उकळून शिसे जात नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त. म्हणून गनचा आकडा पाहून घाबरू नका, पण तो ‘ठीक’ आला म्हणून पाण्याची तपासणीही टाळू नका.