तंबूतून इमारतीत: चित्रपटगृह कसे स्थिरावले

चित्रपटगृहाचा इतिहास बहुतेक वेळा पहिल्या खेळांच्या तारखांनी सांगितला जातो. 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसच्या ग्राँ काफेत ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला, 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. तारखा खऱ्याच; पण सिनेमाला स्वतःची कायमची इमारत का लागली, हे त्यांतून कळत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर दोन गोष्टींत शोधावे लागते: फिल्मची लांबी आणि तिची मालकी.

35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात 16 चित्रे मावतात. सुरुवातीच्या काळात यंत्राचा दांडा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण तेवढीच चित्रे पुढे सरकत. म्हणजे फूटभर फिल्म सेकंदभर चाले. ल्युमिएरांची फिल्म पन्नासेक फुटांची, त्यामुळे ती मिनिटाच्या आतच संपे. वॉटसनमध्ये रुपयाचे तिकीट काढून आलेल्यांना अशा सहा फिल्म दिसल्या: स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान वगैरे. एवढ्या खेळाला हॉटेलातली जागा पुरेशी होती. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले आणि पडद्यातल्या स्त्रियांसाठी बॉक्स राखून ठेवले गेले. ऐपतीप्रमाणे बसण्याची ही व्यवस्था सिनेमाला नाटकगृहाकडून आयती मिळाली.

मालकीचा मुद्दा मात्र मला अधिक मूलगामी वाटतो. त्या काळी फिल्म विकत घ्यावी लागे. चाळीस-पन्नास फिल्म घेतलेल्या माणसाने त्या एकाच गावात किती दिवस दाखवायच्या? गावाने खेळ पाहिला की मुक्काम हलवणे भाग. फिरत्या तंबूकडे हौस म्हणून पाहिले जाते, पण ती या व्यवहाराची गरज होती. अब्दुलअली इसूफअली यांनी 1901 मध्ये सिंगापुरातून असेच खेळ सुरू केले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद. त्यात सुमारे हजार माणसे बसत.

1907 मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीने फिल्म विकणे सोडून ती भाड्याने देण्याचे धोरण स्वीकारले. ही रीत पसरली तसा सारा हिशेब उलटा झाला. कार्यक्रम दर आठवड्याला बदलता येऊ लागला, तेव्हा फिल्म गावोगाव जाऊ लागली आणि थिएटर जागेवर राहिले. इसूफअलींनीही 1914 मध्ये तंबू आवरला आणि अर्देशिर इराणींच्या भागीदारीत मुंबईचे अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतले.

इमारतीच्या रचनेवर आगीच्या भीतीचाही ठसा आहे. नायट्रेट फिल्म भडकन पेट घेई. ल्युमिएरांच्या यंत्रात दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू असे; तो प्रकाश एकवटायचा आणि उष्णताही शोषायचा. 4 मे 1897 ला पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या दिव्याच्या ईथरने पेट घेतला आणि शंभरावर माणसे दगावली. अशा धास्तीतूनच यंत्रासाठी वेगळी, आग न लागणारी खोली आली. ब्रिटनने 1909 च्या कायद्याने ती सक्तीची केली. भारतात सिनेमाचा पहिला कायदा 1918 मध्ये झाला.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तो या पार्श्वभूमीवर. 3700 फूट लांबी, म्हणजे वरच्या हिशेबाने तासाभराचा खेळ. फाळक्यांचे कर्तृत्व आपण नेहमी निर्मितीच्या अंगाने मांडतो. पण एवढी लांब कथा सलग दाखवायला खुर्च्यांची, रोज खेळ करणारी जागा शहरात आधी तयार होती, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अर्थात चित्रपट अजून एकट्याच्या बळावर उभा नव्हता. त्याच तिकिटात नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या अलेक्झांडरचे खेळही होते, आणि जाहिरातीत दर नेहमीच्या दुप्पट असल्याची सूचना होती.