जस्ताची बोटे

जस्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? छपराचा पत्रा, नाहीतर न्हाणीघरातली बादली. लोखंडाला गंज चढू नये म्हणून दिलेला मुलामा, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पण हेच जस्त आपल्या पेशीपेशीत बसून, कोणते जनुक केव्हा वाचायचे या कामाला हातभार लावते, असे सांगितले तर पटेल का? आणि गंमत अशी, की हे कळले ते एक प्रयोग पुन्हा पुन्हा बिघडला म्हणून!

केंब्रिज येथील प्रयोगशाळेत ॲरन क्लुग नावाचे शास्त्रज्ञ होते. १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते निराळ्या कामासाठी. त्याच सुमारास जोनाथन मिलर या विद्यार्थ्याला त्यांनी एक प्रथिन अभ्यासायला दिले. झेनोपस जातीच्या आफ्रिकी बेडकाच्या अपक्व अंड्यांत ते भरपूर सापडते. एका विशिष्ट जनुकावर बसून ते त्याची आरएनए-नक्कल सुरू करून देते, आणि तयार झालेली नक्कलही आपल्याच मिठीत सांभाळून ठेवते.

मिलर हा जोडकण शुद्ध करायला जाई, अन् प्रथिन एकीकडे, आरएनए दुसरीकडे! असे का व्हावे? शोध घेता कळले, की प्रथिन खराब होऊ नये म्हणून द्रावणात घातलेले रसायनच आतला धातू ओढून घेत होते. रक्षकच भक्षक झाला म्हणा ना! ते रसायन दूर ठेवताच कण शाबूत राहिला. मग धातू मोजला. तो जस्त निघाला, आणि एका कणात ७ ते ११ अणू!

इतके जस्त कशाला? १९८४ साली या प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम प्रसिद्ध झाला, तेव्हा उलगडा झाला. सुमारे ३० आम्लांचा एकच साचा लागोपाठ ९ वेळा आला होता. प्रत्येक साच्यात २ सिस्टीन आणि २ हिस्टिडीन ठराविक जागी होती. ही चौघे मिळून जस्ताचा एक अणू धरतात, आणि साखळीला इवल्याशा बोटाचा आकार येतो, असा तर्क क्लुग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडला.

आता तुम्ही म्हणाल, तर्कच तो! पण १९९१ साली पाव्हलेटिच आणि पेबो यांनी अमेरिकेत क्ष-किरणांनी अशी तीन बोटे डीएनएवर बसलेली प्रत्यक्ष दाखवली. बोटातला पिळाचा भाग डीएनएच्या रुंद खाचेत शिरतो, आणि एकेक बोट साधारण तीन अक्षरे चाचपते. जस्त स्वतः डीएनएला शिवतही नाही. ते फक्त बोटाला ताठ ठेवते. तेवढे काढून घ्या, की बोट सैल पडले आणि वाचन थांबले!

मनुष्याच्या अशा बोटवाल्या जनुकांची संख्या आज ७०० च्या वर मोजली जाते. १९९४ साली तर क्लुग यांच्या चमूने स्वतः घडवलेल्या बोटांनी, उंदराच्या पेशीत घातलेले कर्करोगाचे एक जनुक दाबून दाखवले.

प्रयोग फसला की आपण हाताला, नाहीतर नशिबाला बोल लावतो. मिलरने द्रावणाकडे पाहिले. जस्त त्यातच निसटत होते.