गणेशखिंडीच्या सावलीचा पाठ

पुणे विद्यापीठाच्या आवारातील जुने वड पाहिले की येथे पूर्वापार अरण्यच असावे असे वाटते. 'मूळ वन पुन्हा उभे करावे' असा आग्रह आज धरला जातो, तेव्हा हा समज तपासणे भाग आहे. मूळ म्हणजे नेमके कोणत्या काळचे?

मुंबईच्या गव्हर्नराचे पावसाळी निवासस्थान पूर्वी दापोडीस होते. तेथेच १८२८ साली सरकारी वनस्पती-उद्यान निघाले. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये इलाख्याचे वनसंरक्षक झाले. पुढे बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत गणेशखिंडीत नवा प्रासाद उभारण्यास आरंभ झाला. तो १८७१ मध्ये पुरा झाला. जवळच नवे वनस्पती-उद्यान आले. भोवतालची भूमी पातळ मातीची. गवत आणि काटेरी झुडपे हा तिचा स्वभाव. दाट सावली येथे लावावी आणि जगवावी लागली.

ती सर्वांसाठी नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्री याच प्रासादातील हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या झडत्यांनी पोळलेल्या शहराला ही सावली सत्तेचीच वाटली असल्यास नवल नाही. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि सुमारे ४११ एकरांचे हे आवार विद्यार्थ्यांचे झाले. जुने उद्यान कृषी विद्यापीठाकडे असून २०२० मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ ठरले.

साहित्याच्या अभ्यासकांना हा पेच अनोळखी नाही. याच शहरात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादकांनी प्रक्षेप संहितेतून वेगळे काढले, पण नष्ट केले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते जपले. झटपट हिरवाई दिसावी म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर लावलेले, मूळचे मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प हा असाच एक प्रक्षेप. गव्हर्नरी काळातली लागवडही प्रक्षेपच, मग त्यात आपला देशी वड का असेना. मात्र आज तिच्यावर पाखरे आणि विद्यार्थी दोन्ही विसंबून आहेत.

म्हणून आम्हांस वाटते की, पुनरुज्जीवन हे संपादनासारखे व्हावे. काही भागात गवताळ माळ परत येऊ द्यावा, जुनी झाडे राखावीत आणि कोणता थर कोणी लावला याची नोंद ठेवावी. नोंदीवाचून केलेली वृक्षतोड आणि नोंदीवाचून केलेले वृक्षारोपण, दोहोंनी इतिहास सारखाच पुसला जातो.