पहिला कॅमेरा आणि भोके पाडण्याचे यंत्र

दर वर्षी वाङ्मय मंडळाचे उद्‌घाटन आटोपले की दोन-तीन विद्यार्थी आमच्या खोलीत येतात. गोदाकाठच्या घाटांवर किंवा जुन्या वाड्यांवर त्यांना माहितीपट करायचा असतो. प्रश्न ठरलेला असतो: "सर, पहिला कॅमेरा कोणता घ्यावा? फोटोही निघाले पाहिजेत आणि व्हिडिओही." आम्ही मराठीचे अध्यापक; भिंगांचे गणित आमच्या अभ्यासक्रमात नाही. तरीही नाशिकमध्ये राहून या प्रश्नाला 'ठाऊक नाही' असे उत्तर देणे आम्हांस शोभत नाही, कारण हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या एका माणसापुढे उभा होता.

छायाचित्र आणि चलच्चित्र एकाच डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यातून काढण्याची सोय तशी अलीकडची. २००८ साली निकॉनचा डी ९० आणि त्यापाठोपाठ कॅननचा फाइव्ह डी मार्क टू बाजारात आला, आणि छायाचित्रकाराच्या हातातील यंत्र एकाएकी चित्रपटाचेही यंत्र झाले. आता आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांनी एसएलआरची जागा बव्हंशी घेतली आहे. परंतु छायाचित्रणातून चलच्चित्रणाकडे जाण्याची ही वाट मराठी माणसाने फार पूर्वी तुडविली होती.

त्या वाटेवरचे पहिले ठळक नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा यांचे. ते मुंबईतील व्यावसायिक छायाचित्रकार. जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. ती पाहून सावेदादांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागविला. १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे स्वागतही त्यांनी टिपले. आमच्या दृष्टीने येथे एक बारीक तपशील फार महत्त्वाचा आहे. कुस्तीची ती फिल्म धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागली. कॅमेरा आपला, मल्ल आपले, पाहणारे आपले. पण आपण काय टिपले हे कळण्यासाठी जहाजाची वाट पाहणे भाग होते.

आता धुंडिराज गोविंद फाळके यांच्याकडे वळू. फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तेव्हा ते नवशिके नव्हते. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातील छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना, रंगीत छपाईसाठी केलेली जर्मनीची वारी असा दोन दशकांचा अभ्यास पाठीशी होता. 'ख्रिस्ताचे जीवन' हा चित्रपट पाहून ते झपाटले ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मात्र झपाटण्यापूर्वीच त्यांचे हात रसायनांत बुडालेले होते, हे सांगायचे राहून जाते. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला, त्या धाडसामागे हा हिशेब होता.

लंडनमध्ये 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आरंभी त्यांना या धंद्यापासून परावृत्तच करण्याचा प्रयत्न केला. फाळके बधले नाहीत, तेव्हा त्यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत फाळक्यांनी चित्रपटनिर्मितीची सारी अंगे पाहून घेतली. मग खरेदी झाली: विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र.

चरित्रकार बहुधा कॅमेऱ्याशी थांबतात. आम्हांस या खरेदीतील मर्म भोके पाडण्याच्या यंत्रात दिसते. त्या काळी कच्ची फिल्म भोकांविना मिळे. भोके अंधाऱ्या खोलीत, एकसारख्या अंतराने पाडावी लागत. अंतर किंचित चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरे. हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. फिल्म धुण्यात त्यांचा हात असे, चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून त्याच उभ्या राहत, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. फुटास १६ चित्रे धरली तर ती ५९,००० हून अधिक भरतात. प्रत्येक चित्राच्या कडेला भोके होती. भारतीय चित्रपटाचे जनकत्व सांगताना हे हात आपण विसरतो.

भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी फाळक्यांनी कुंडीतील वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि महिन्याभराची वाढ काही क्षणांत दाखविली. यात ना नट होते ना देखावा. फक्त संयम आणि प्रकाशाचे भान. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आला. त्यानंतर फाळके बिऱ्हाड आणि यंत्रे घेऊन नाशिकला आले. १९१४ चा 'मोहिनी भस्मासुर' येथलाच. सावेदादांची फिल्म धुण्यासाठी सातासमुद्रापलीकडे गेली होती, फाळक्यांची आता गोदावरीकाठीच तयार होऊ लागली.

अर्थात हे स्वावलंबन संपूर्ण नव्हते. कच्ची फिल्म परदेशीच होती, आणि नायट्रेटची असल्याने ज्वालाग्राही व अल्पायुषी. 'राजा हरिश्चंद्र'ची केवळ पहिली व शेवटची रिळे उरली आहेत आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिकलाच निवर्तले. ज्यांनी सारी साखळी घरात आणली, त्यांना शेवटची कडी, म्हणजे जतनाची, साधली नाही. ती त्या काळात कोणालाच फारशी साधली नव्हती.

म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही कॅमेऱ्याचे नाव सांगत नाही. आम्ही विचारतो: आवाज कशावर टिपणार? तिपाई आहे का? संकलन कोण करणार, आणि त्याची आज्ञावली भाड्याची आहे की स्वतःची? चित्रफिती दोन ठिकाणी साठविणार का? अजून दहा वर्षांनी त्या उघडतील का? आणि भोके पाडण्याचे काम ज्या मैत्रिणीवर वा मित्रावर पडणार आहे, त्यांचे नाव श्रेयनामावलीत येणार का? या प्रश्नांची उत्तरे असतील तर जुना, दुसऱ्याने वापरलेला कॅमेराही चालेल.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, मग आधी वाटाणाच लावते." आम्ही हसलो. पण तिने खरोखरच लावला. मोबाइलवर रोज एक, अशी तीस छायाचित्रे तिने काढली. आता ती कॅमेऱ्यासाठी पैसे साठवीत आहे.